‘इफ’च्या वाक्यांचा तक्ता पाठ करणं थांबवा

इंग्रजीतल्या ‘इफ’च्या, म्हणजे अटीच्या, वाक्यांचे टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री असे प्रकार मांडणारा तक्ता पाठ करून कुणाचं इंग्रजी सुधारत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तक्ता चुकीचा नाही. पण बोलताना तो आठवायला वेळ कुणाला असतो? मग वाक्य मराठीच्या साच्यातून निघतं, शब्द तेवढे इंग्रजी.

‘तो आला असता तर मी गेलो असतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना सारखंच रूप, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठोकलं जातं: ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन.’ हवं ते असं: ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन.’ इफच्या बाजूला हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. अमेरिकन बोलण्यात पहिलं वाक्यही ऐकू येतं, पण परीक्षेत ते चूकच धरतात. त्यात ‘आयड’ हा आखूड उच्चार गोंधळ वाढवतो, कारण तो ‘आय हॅड’चाही असतो आणि ‘आय वुड’चाही. पुढे ‘गॉन’ आलं तर हॅड, ‘गो’ किंवा ‘हॅव गॉन’ आलं तर वुड.

खरी मेख मात्र वेगळीच. ‘मला माहीत असतं तर सांगितलं असतं.’ ही गोष्ट आजची की कालची? मराठीत संदर्भावरून कळतं, इंग्रजीत रूपातूनच सांगावं लागतं. आज माहीत नाही: ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू.’ तेव्हा माहीत नव्हतं: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’

म्हणून तक्त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. हे घडू शकतं का? नसेल, तर गोष्ट आत्ताची की होऊन गेलेली? दुसरा प्रश्न दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायचा, कारण अट जुनी आणि परिणाम आजचा असंही होतं: ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी रिच नाऊ.’ तक्त्यात हा मिश्र प्रकार अगदी तळाशी असतो आणि तिथवर बहुतेक जण पोचतच नाहीत.

आजच्या गोष्टीला ‘न्यू’ हे भूतकाळाचं रूप कसं, म्हणून बिचकू नका. ‘तू उद्या आलास तर मी येईन’ यात आपणही तेच करतो. ‘इफ आय वॉज’ की ‘इफ आय वेअर’, यावर फार डोकं शिणवू नका. बोलताना दोन्ही चालतात, लिहिताना वेअर बरं. ‘इफ आय वेअर यू’ मात्र तसंच ठेवा.

घडू शकणाऱ्या गोष्टीत चूक ठरलेली असते: ‘इफ इट विल रेन, वुई विल स्टे होम.’ पाऊस उद्याचा असला तरी ‘इफ इट रेन्स’च. विल फक्त परिणामाला. ‘अनलेस’ला हाच नियम, शिवाय त्यात नकार आधीच असतो. ‘अनलेस यू डोन्ट हरी’ म्हटलं की अर्थ उलटा झाला.

आता हे वाचून कुणी ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’मधलं विल खोडायला जाईल. खोडू नका. तिथला इफ अट घालत नाही, तो ‘येईल की नाही’ एवढंच विचारतो.