आमच्या घरी तर कोणी आलंच नाही!

आठवडाभर झाला, नातेवाईक, सोसायटी आणि शाळासोबती अशा तिन्ही ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. सार असं: बीपी-शुगरचे सर्व्हे बोगस असतात, कुणाच्याच घरी कोणी येत नाही, लाखभर लोकांवरून १४० कोटींना आजारी ठरवतात, दोन सर्व्हेंचे आकडे जुळत नाहीत, कंपन्यांनी ‘नॉर्मल’ची रेषा खाली ओढली, आपल्या आजोबांना बीपी नव्हतं, आणि घरगुती उपायांबद्दल मुद्दाम विचारत नाहीत. आमच्या काकाजींनी तो पाठवून वर मलाच टॅग केलं. कारण कॉलेज सुटल्यावर मी दोन उन्हाळे नागपुरात घरोघरी सर्व्हेचे फॉर्म भरत हिंडलोय. तर काकाजी, घ्या.

कोणी आलं नाही, हे शंभर टक्के खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत झाली. २०११च्या जनगणनेत देशात २५ कोटींच्या आसपास कुटुंबं होती. म्हणजे चारशे घरांत एक. त्यातही आधी गाव किंवा वस्ती निवडतात आणि मग तिथली २२ घरं, त्यामुळे एका मोहल्ल्यात बावीस दारं वाजतात आणि आजूबाजूच्या दहांत कोणी फिरकत नाही. तुमचं दार वाजलं नाही यात नवल काहीच नाही.

आणि यादीतलं घर म्हणजे तेच घर. इतवारीतल्या एका बोळात मला ते कुलूपबंद मिळालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहाले उन्हात उभा राह्यतं रे? आमचंच लिहून घे ना. शुगर हाय, बीपी हाय, सारंच हाय आमच्याकडे!” मे महिना, हातात त्यांनीच दिलेला पन्ह्याचा गिलास. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण शेजारचं घर घेतलं की सर्व्हे दुपारी घरी असणाऱ्यांचा होतो, शहराचा राहत नाही. संध्याकाळी परत जायचं, दुसऱ्या दिवशी परत, आणि तरी नाही भेटले तर ‘भेटले नाहीत’ असंच लिहायचं.

लाखभर लोकांवरून देशाचं कसं कळणार? तर्रीच्या, म्हणजे पोह्यांवरच्या चण्याच्या रश्श्याच्या, गंजात (पातेल्यात) वरवर पळी घातली तर नुसता लाल तवंग येतो, चणे तळाशीच राहतात. ढवळून घेतली तर एक पळी पुरते, गंज घरचा असो की लग्नाचा. अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांचं बीपी मोजणारे मोफत कॅम्प म्हणजे तो तवंग. तिथे हजारो लोक मोजले तरी शहराचा अंदाज येत नाही. ग्रुपवर अशा कॅम्पचे आकडे मात्र कुणी बोगस म्हणत नाही, हे विशेष.

आकडे जुळत नाहीत, हा त्या मजकुरातला एकच दमदार मुद्दा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह-बीपीच्या अभ्यासात, १ लाख १३ हजार लोकांत, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के निघाला. कुटुंब सर्वेक्षणात पुरुषांत २४ आणि बायकांत २१ टक्के. पण इंडियाबने २० वर्षांपुढचे लोक घेतले, कुटुंब सर्वेक्षणाने १५ पुढचे. कोवळी पोरं मिसळली की टक्का उतरणारच. वयाने सगळा फरक भरत नाही, काही मोजण्याच्या पद्धतीतलाही असतो. शुगरचं तर आणखी वेगळं. कुटुंब सर्वेक्षणात बोटाचा थेंब कुठल्याही वेळी घेतात आणि १४०च्या वर गेलं की ‘जास्त’ लिहितात. तुम्ही नुकतीच जिलेबी खाऊन बसला असाल! तो मधुमेहाचा दाखला नव्हेच. इंडियाबने उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून तपासलं, त्यातून ११.४ टक्के मधुमेह निघाला. दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकणाऱ्या बातम्यांवर चिडा, मीही चिडतो.

रेषा ओढली? हो, मधुमेहाची उपाशीपोटीची रेषा १९९७ मध्ये अमेरिकेत १४०वरून १२६वर आली. तिथेच २०१७ मध्ये बीपीची १३०/८० झाली. पण वरचे बीपीचे दोन्ही भारतीय आकडे १४०/९०च्या जुन्याच रेषेवरचे आहेत.

आजोबांना बीपी नव्हतं. बरोबर, त्यांच्या दंडाला पट्टाच कधी बांधला नाही. माझ्या आजोबांनाही नव्हतं. एका पहाटे लकवा मारला, तेवढंच.

घरगुती उपायांबद्दल विचारत नाहीत, हे मात्र सपशेल खोटं. जुलै २०२२ ते जून २०२३ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने आयुषवर, म्हणजे आयुर्वेद, योग, युनानी, होमिओपॅथी अशा उपचारांवर, वेगळं सर्वेक्षणच केलं, १ लाख ८१ हजार घरांत. वर्षभरात आयुष उपचार वापरणारे गावांत सुमारे ४६ टक्के, शहरांत ५३ टक्के निघाले. पण लोक काढा घेतात एवढंच त्यातून कळतं. काढ्याने गुण येतो का, हे कळायला काढा घेणारे आणि न घेणारे असे दोन गट पाडून बघावं लागतं. सर्दी आठवड्यात जातेच, श्रेय काढ्याला मिळतं.

सर्व्हे खरोखर जिथे गचके खातात ते या मजकुराला सुचलेलंही नाही. कुटुंब सर्वेक्षणात बायका ९७ टक्के भेटल्या, पुरुष ९२. जे भेटले नाहीत त्यांचं बीपी कुणाला ठाऊक? आणि शब्द. सक्करदऱ्याला एका भाऊंना छापील प्रश्न विचारला, “तंबाखूचं सेवन करता का?” ते म्हणाले, “नाही बाप्पा, घरात कोणीच नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. भाऊंनी बोलता बोलता खिशातून पन्नी काढली, तळहातावर घोटली, चिमूट गालात ठेवली. मी म्हटलं, “भाऊ, हे?” “हा तर खर्रा आहे. तमाखू कुठे?” सुपारी, चुना आणि तंबाखू, तिन्ही त्या पन्नीत. देशाच्या तंबाखू सर्वेक्षणात प्रकारांची नावं घेऊन विचारतात ते म्हणूनच. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खाणारे निघाले, विडी-सिगारेटवाले ३.८ टक्के. मी खूण खोडून ‘हो’ केलं. भाऊ शेवटपर्यंत मान्य करायला तयार नव्हते.