पायउतार

गोरेवाड्याच्या कच्च्या रस्त्यावर, ऐन भाद्रपदात, मी सायकलवरून पायउतार झालो. चढ हातभर, चिखल वीतभर. सायकल खांद्यावर घेऊन दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला साष्टांग नमस्कार. माझे बूट डांबरी रस्त्याचे. तळवा गुळगुळीत, शिवाय चवड्याखाली पेडलला अडकवायची, तीन स्क्रूंची प्लास्टिकची क्लीट बाहेर आलेली. शेळ्यांमागून एक म्हातारबुवा स्लिपरांवर सरळ चढून गेले आणि वरून म्हणाले, "चप्पल नाही का भाऊ घरी?"

मग सीताबर्डीच्या वाऱ्या सुरू झाल्या. 'सायकलचे बूट' म्हटल्यावर पहिल्या दुकानदारानं विचारलं, "पोट्टा कितवीत आहे?"

तिसऱ्या दुकानात माउंटन बाइकचे बूट निघाले. (नागपुरात माउंटन म्हणजे सेमिनरी हिल्स, पण असो.) यांची क्लीट धातूची, दोन स्क्रूंची, तळव्याच्या खोबणीत दडलेली, चालताना जमिनीला टेकतं ते रबर. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीनं ही सोय १९९० साली काढली, मला कळायला गोरेवाड्याचा चिखल लागला.

आता रबर बघायचं. मऊ असलं तर ओल्या दगडावर धरतं, पण झिजतं लवकर. आणि आपली काळी माती! ओली झाली की फुगते, चिकटते, बारीक खाचांत जाऊन बसली की तळवा पुन्हा गुळगुळीत. म्हणून खाचा रुंद हव्यात, ट्रॅक्टरच्या चाकासारख्या. ही अक्कल मला काटोलच्या मामांच्या ट्रॅक्टरकडून मिळाली. मामांकडून नाही, ते म्हणाले, "काहून सायकल चालवून राहिला बे? गाडी विकली का?"

दुकानातल्या चकचकीत टाइल्सवर सगळेच बूट सारखे घसरत होते. "जरा बाहेर चिखलात चालून पाहू?" म्हटलं, तर दुकानदारानं खोकं पोटाशी धरलं.

पैसे मोजल्यावर तो सावकाश म्हणाला, "पेडल कोणते आहेत? जुन्यात हे बसणार नाहीत."

पेडलही घेतले.

पुढच्या रविवारी तोच चढ, सायकल खांद्यावर, एकदाही न घसरता चढलो. बघायला शेळीसुद्धा नव्हती. घरी आलो तर बायकोनं स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही तळव्यांच्या खाचांतली माती खरवडली आणि तुळशीच्या कुंडीत घातली.

"पुढच्या रविवारी जरा जास्त आणा हो, मोगऱ्यालाही हवी आहे."