ओट्याखालचं जागावाटप

आमच्या घरात माणसं ४ आणि प्लग लागणाऱ्या वस्तू १९. यात फ्रिज, वॉटर प्युरिफायर आणि चिमणी धरलेली नाही. ती मंडळी भिंतीला धरून असतात आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. बाकीच्या १९ जणी फिरत्या. त्यातली प्रत्येक घरात शिरली ती "केवढीशी तर आहे!" या एकाच वाक्यावर. दुकानात ती खरंच केवढीशी दिसते. दुकानाला ओटा नसतो.

हा आकडा मलाही माहीत नव्हता. किचन नवं करायचं ठरलं आणि मॉड्युलरवाल्या मुलाने एक फॉर्म भरायला दिला. तो स्वतःला किचन कन्सल्टंट म्हणवतो, सासूबाई त्याला 'ट्रॉलीवाला' म्हणतात. फॉर्मात 'स्मॉल अप्लायन्सेस : संख्या' यापुढे एक चौकोन होता, एकच आकडा मावेल एवढा. मी ४ लिहून मोकळी होणार होते. सासूबाई म्हणाल्या, "खरं काय ते लिही. मागाहून भांडणं नकोत." मग शिरगणती सुरू झाली.

मिक्सर, टोस्टर, मायक्रोवेव्ह ही नावं यादीत पहिल्यापासून होती. खरी गंमत माळ्यावर निघाली. 'नवा बिघडला तर असावा' म्हणून जपलेला जुना मिक्सर, जो स्वतःच बिघडल्यामुळे नवा आणला होता. रोटी मेकर, ज्यावर आजवर फक्त पापड झाले. एकावेळी ७ अंडी उकडणारं यंत्र. घरात अंडी खाणारं माणूस एकच, तेही सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी सोडून. आणि न्यू जर्सीच्या नणंदेने मोठ्या मायेने वाहून आणलेला स्लो कुकर. तो तिकडच्या १२० व्होल्टवर चालतो, आपल्या भिंतीत २३०. तसाच लावला तर तो स्लो राहणार नाही. म्हणून एक कन्व्हर्टर घ्यावा लागला. कन्व्हर्टर कुकरपेक्षा जड आहे आणि यादीत त्याचा नंबर १९वा.

या सगळ्यांना कपाटात घालायचं, ओटा मोकळा ठेवायचा, अशी मूळ कल्पना. मला वाटलं होतं हा मोजमापांचा विषय आहे. तो जागावाटपाचा निघाला. प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी उभं होतं, प्रत्येकाला हक्काची जागा हवी होती आणि वरचा कप्पा कुणालाच नको होता.

सासूबाईंच्या बाजूला घरघंटी आणि वेट ग्राइंडर. शिवाय पुरणयंत्राला प्लग नसला तरी बाहेरून पाठिंबा. नवऱ्याकडे एअर फ्रायर आणि ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन. लेकीकडे किटली आणि सँडविच मेकर, म्हणजे परीक्षेच्या काळातला सगळा शिधा. मी तटस्थ होते. मला फक्त मिक्सर हाताशी हवा होता, आणि त्यावर तडजोड होणार नव्हती.

घरघंटीचा प्रश्न सगळ्यात वजनदार, चाळीसेक किलोंचा. तिला चाकं असली तरी ती कुठल्याही कपाटात जात नाही. तिला ड्राय बाल्कनीत पाठवावं असं मी सुचवलं. तिथे वॉशिंग मशीन आहे, आणि वर दोरीवर वाळत घातलेल्या ऑफिसच्या शर्टांवर भाजणीचा हलका थर बसेल, अशी नवऱ्याने हरकत घेतली. मग दळण गिरणीतून आणू, घंटी काढूनच टाकू, असा विषय निघाला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जरूर. उपासाची भाजणी गिरणीत कुणाच्या तरी गव्हापाठोपाठ दळली, तर उपास मोडल्याचं पाप कुणाकडे लागेल तेवढं ठरवून घ्या." कुणी काही बोललं नाही. घंटी बाल्कनीत गेली आणि शर्ट घरात, पंख्याखाली.

जुना मिक्सर भंगारात द्यायचा ठरावही असाच पडला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रं ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहतात. "ज्याची पूजा केली ते भंगारवाल्याच्या तराजूत घालणार?" या प्रश्नावर मी निरुत्तर. वस्तू चालते की नाही हा मुद्दाच बाद झाला.

जागावाटप म्हटलं की खोक्यांचा विषय निघायचाच, तसा आमच्याकडेही निघाला. आमची रिकामी होती. वॉरंटी संपेपर्यंत खोकं फेकायचं नाही हा नवऱ्याचा बाणा, आणि वॉरंटी कधी संपली ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे माळ्याचा अर्धा भाग वस्तूंनी आणि अर्धा त्यांच्या थर्मोकोलने व्यापलेला.

ट्रॉलीवाला लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने थ्री-डी चित्र दाखवलं. पांढराशुभ्र ओटा, त्यावर काचेच्या वाडग्यात पाच हिरवी सफरचंदं आणि एका फुलदाणीत जांभळी फुलं. "मिक्सर कुठाय?" मी विचारलं. त्याने माउसने एक शटर वर सरकवलं. आत मिक्सर. "अप्लायन्स गॅरेज, मॅडम. काम झालं की शटर खाली." मी टेप आणली. गॅरेजची उंची १८ इंच, आमचा मिक्सर मोठ्या भांड्यासकट १७. "बघा, एक इंच जास्तच आहे," तो खुशीत म्हणाला. मी म्हटलं, मिक्सर आत उभा राहील, पण त्याचं झाकण कसं काढायचं? आणि वाटण फिरताना झाकणावर हात दाबून धरायचा असतो, तो हात कुठून घालायचा? तो थोडा वेळ चित्राकडे बघत राहिला. झाकणावर हात ठेवावा लागतो, ही माहिती त्याला नवी होती.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ही परंपरा जुनी आहे. आजची मॉड्युलर किचनं जिथून सुरू होतात, ते स्वयंपाकघर १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरासाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने आखलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या बिल्डरांनाही दया येईल एवढं. तांदूळ, साखर असल्या कोरड्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे नाव घातलेले खण आणि सगळं हाताच्या अंतरावर. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं, की ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता. बाईंचं काम तरी सोपं होतं. तिथे मिक्सर नव्हता, आणि चटणी वाटणारं कुणी नव्हतं.

मिक्सरचं मात्र तसं नाही. तो आपल्या वाटणाघाटणासाठीच जन्मला. १९६३ च्या सुमाराला मुंबईत सीमेन्समध्ये नोकरीला असलेले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन ब्लेंडर जळाला, तेव्हा पत्नीच्या आग्रहावरून त्यांनी आपल्याकडचं दळणवाटण सोसेल असं यंत्र बनवायला घेतलं. त्यातून सुमीत मिक्सर आला आणि घरोघरचा पाटा-वरवंटा गॅलरीत कुंडीखाली गेला. इतक्या कर्तृत्वाच्या वस्तूला शटरमागे कोंडायचं, हे मला मुळातच पटत नव्हतं. मिक्सर उचलून ठेवायचा म्हटलं की हिरव्या चटणीचा बेत रद्द होतो, हे ज्याने चटणी वाटलीय त्याला कळतं.

ट्रॉलीवाल्याने मग 'मिक्सर लिफ्ट' काढली. ओट्याखालच्या कपाटातून स्प्रिंगवर फळी वर येते आणि मिक्सर तुमच्यापुढे हजर होतो. किंमत ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. शिवाय लिफ्ट बसली की त्या कपाटात खाली दुसरं काही ठेवता येत नाही, कारण फळीला खाली उतरायला जागा लागते. म्हणजे एका सदस्यासाठी आख्खा बंगला.

बाकीच्यांची मापंही काढली. वरची कपाटं १४ इंच खोल, मायक्रोवेव्ह १९ इंच आणि त्याला मागे हवा खेळायला मोकळी जागा हवी. शिवाय त्याचं दार डावीकडे उघडतं आणि ठरवलेल्या जागेच्या डावीकडे भिंत. दार अर्धं उघडायचं, त्यातून ताट तिरकं घालायचं, ताटात आमटी नसेल असं बघायचं. एअर फ्रायरची गरम हवा मागून बाहेर पडते, म्हणून तो कपाटात ठेवून चालवायचा नाही. बाहेर काढायचा, वापरायचा, गार होईपर्यंत थांबायचं आणि मग आत. हा रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढल्यावर आलेला. त्यातल्या साबुदाणा वड्यावर सासूबाईंचा शेरा, "तळलेला नाही, वाळवलेला आहे."

मग इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने खरं राजकारण समजावलं. किटली १,५०० वॅट, एअर फ्रायर १,५००, ओटीजी १,६००. तिघांनाही मोठ्या पिनेचं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, आणि तिघंही एकाच कोपऱ्यात, एकाच पॉइंटवर ठेवायची असा सोयीचा बेत होता. तो म्हणाला, "ताई, १६ गुणिले २३० म्हणजे ३,६८०. त्याच्यावर एक वॅट नाही. तुमची बेरीज जाते ४,६००." तिघांची आघाडी झाली की सरकार पडणार, म्हणजे एमसीबी, जादा भार आला की वीज तोडणारा खटका. शेवटी प्रत्येकाला स्वतंत्र पॉइंट दिला. भिंत फोडावी लागली. टाइल्स तशाच दुसऱ्या मिळेनात, म्हणून त्या भागात सध्या 'हायलाइटर' टाइल्स आहेत. मूळ डिझाइनमध्ये त्या नव्हत्या, पण पाहुणे त्यांचंच कौतुक करतात.

मधेच प्लायची चर्चा झाली. जुन्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते. ते काढायला सासूबाईंचा विरोध, कारण कडप्प्याला वाळवी लागत नाही. ट्रॉलीवाल्याने समजूत घातली, "आजी, हा मरीन प्लाय आहे. ७२ तास पाण्यात उकळून टेस्ट करतात." सासूबाईंनी विचारलं, "बहात्तर तास? एवढ्या गॅसमध्ये किती तुरीचं वरण झालं असतं?" मग म्हणाल्या, "आणि मी कपाट उकळणार आहे कधी?" दोन्ही प्रश्नांना कॅटलॉगमध्ये उत्तर नव्हतं.

सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि दोन सिलिंडरांची जागा रिकामी झाली. ओट्याखाली, शेगडीच्या बाजूला, दारासमोर, वाकावं लागत नाही, सरकवावं लागत नाही. इतकी चांगली जागा आमच्या स्वयंपाकघरात दुसरी नाही. पोटनिवडणूक लागली. नवऱ्याने ओटीजीचा अर्ज भरला. लेकीने आजीला मधे घातलं. मी मिक्सरची भांडी पुढे केली. एका मिक्सरला चार भांडी आणि तेवढीच झाकणं, आणि झाकणं कधीच आपापल्या भांड्याजवळ सापडत नाहीत.

जागा मिळाली वेट ग्राइंडरला. तो कोइमतूरचा, आणि कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे. हे सासूबाईंनी कुठून मिळवलं देव जाणे, पण त्यांनी ते बरोबर वेळी टेबलावर ठेवलं. "आपल्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, याला त्याच्या कितीतरी आधी. आणि तुम्ही त्याला माळ्यावर चढवताय." वर हेही खरं, की आत दगड असलेली ती वस्तू माळ्यावरून उतरवताना पाठ धरली तर दोन आठवडे इडली काय, साधा भातही मी करणार नाही. नवऱ्याने अर्ज मागे घेतला. मोबदल्यात ओटीजीला टॉल युनिटमध्ये डोळ्यांच्या उंचीवर कप्पा मिळाला. तिथे तो इतका छान दिसतो, की आता त्यात सगळेजण जिरं-मोहरीची पाकिटं ठेवतात.

स्लो कुकर आणि कन्व्हर्टर कोपऱ्यातल्या कपाटात गेले. हात खांद्यापर्यंत घातला तरी तिथलं शेवटचं टोक लागत नाही. व्हिडिओ कॉलवर नणंद विचारते, "वापरता ना गं?" आणि मी सांगते, "अगं, अगदी जपून."

किचन तयार झालं. अप्लायन्स गॅरेजच्या शटरला हवेसाठी भोकं आहेत, त्यामुळे आत कांदे-बटाटे उत्तम राहतात. मिक्सर ओट्यावर आहे, सिंकच्या उजवीकडे, जिथे तो पूर्वी होता. या एका मुद्द्यावर घरात एकमत झालं, कारण बाकी सगळ्यांची भांडणं मिटेपर्यंत मी त्यावर रोज सकाळी खोबरं वाटत होते आणि कुणाला ते थांबवायचं धैर्य झालं नाही.

परवा ट्रॉलीवाला फोटोग्राफर घेऊन आला. त्याला आपल्या कामाच्या यादीत आमचं किचन टाकायचं होतं. येताना त्याने हिरवी सफरचंदं आणली होती, वाडग्यासकट. "मॅडम, फक्त फोटोपुरता मिक्सर कुठेतरी ठेवू या का?" मी म्हटलं, "ठेवा की. डिझाइन तुमचंच आहे." त्याने एकेक शटर उघडलं. गॅरेजमध्ये बटाटे, टॉल युनिटमध्ये मोहरी, सिलिंडरच्या जागी कोइमतूर, बाल्कनीत घंटी आणि मशीन. सगळी सॉफ्ट-क्लोज शटरं आवाज न करता मिटत गेली. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला.

फोटो सुरेख आला आहे. ओटा लखलखीत, मोकळा, वर पाच सफरचंदं. मिक्सर तेव्हा ट्रॉलीवाल्याच्या कडेवर होता, आणि त्याची चारही भांडी सासूबाईंनी त्याच्या दुसऱ्या हातात दिली होती.