फिकट फायबरग्लासवर तेल चोळण्याबाबत खुलासा

जुन्या कॅरव्हॅनच्या फिकट पडलेल्या फायबरग्लासवर खोबरेल तेल चोळल्यास मूळ चकाकी कायमची परत येते, हा मुंबईत सध्या फिरत असलेला संदेश चुकीचा आहे. उन्हातील अतिनील किरणांमुळे वरच्या जेलकोटची, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत रेझिनच्या थराची, जो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, हळूहळू भुकटी होते आणि तेल ती भुकटी फक्त ओली करते. मी माझ्या गाडीच्या दारावर हे करून पाहिले. चार दिवसांनी काळे फडके फिरवले, तर त्यावर पुन्हा पांढरी पूड आली, शिवाय तेलावर धूळ बसली ती वेगळीच. गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत रबिंग कंपाउंडने (घासून पृष्ठभाग साफ करणाऱ्या पेस्टने) हलक्या हाताने तो भुकटीचा थर काढावा, मग पॉलिश करून मेण लावावे आणि ते काही महिन्यांनी पुन्हा लावत राहावे. तेलाचा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.