पाळीची यादी

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, ६ डिसेंबर शनिवारी आला. तो इथे जर्मनीत निकोलाउसचा, म्हणजे मुलांच्या बुटांत खाऊ ठेवून जाणाऱ्या संताचा दिवस. शुक्रवारी रात्री आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवले, सकाळी त्यात अक्रोड, संत्री आणि चॉकलेट सापडलं. दुपारी चार ते सहा गावच्या ख्रिसमस बाजारात वॉफलच्या, म्हणजे साच्यात भाजलेल्या गोड पोळ्यांच्या, स्टॉलवर माझी पाळी होती. रविवारी दोन ते चार नवऱ्याची.

आमचं गाव स्टुटगार्टपासून रेल्वेने तासाभरावर. ड्रेस्डेनचा ख्रिसमस बाजार १४३४ पासून भरतोय आणि तो कित्येक आठवडे चालतो. आमचा फक्त दोन दिवसांचा, शनिवार आणि रविवार, कारण तो गावातलीच माणसं चालवतात आणि सोमवारी प्रत्येकाला कामावर जायचं असतं. फुटबॉल क्लबवाले सॉसेज भाजतात, स्वयंसेवी अग्निशमन दल गरम मसालेदार वाइन विकतं, चौथीच्या मुलांचे आईबाप वॉफल करतात. वॉफलचे पैसे मुलांच्या सहलीला जातात. पाळीची यादी नोव्हेंबरातच शाळेच्या दारावर लागलेली असते.

साचा तापला की पळीभर पीठ घालायचं, झाकण दाबायचं, कडेने येणारी वाफ थांबली की उघडायचं. पहिले तीन माझे चिकटले. शेजारच्या बाईंनी काही न बोलता ब्रशने साच्याला लोणी फासून दिलं. पाच वाजता, रांग सर्वांत लांब असताना, आमची वीज गेली. दोन साचे एकाच वायरवर लावले होते. अग्निशमन दलाचा एक पोरगा हातातली वाइन ठेवून धावत आला, एक प्लग काढून दुसऱ्या खांबावर लावला, आणि पुन्हा उजेड. तेवढ्यात चर्चच्या पायऱ्यांवर ट्रॉम्बोनवाल्यांनी गाणं सुरू केलं. लाउडस्पीकर नाही, तरी चौकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. नऊ वाजता सगळं बंद.

मी मिरजेची. आमचं घर विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वाटेवर आहे. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे या शनिवारच्या बरोबर तीन महिने आधी. त्या रात्री बाबांनी फोन खिडकीजवळ धरला, तेव्हा डीजेच्या दणक्याने होणारी काचांची थरथर मला ऐकू आली. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. मी भावाला फोन करून रागाने बोलले. तो मंडळात आहे. तो म्हणाला, "ताई, तिकडचं तिकडे ठेव. ही पोरं वर्षभर दुकानात नाहीतर कारखान्यात मान खाली घालून असतात. वर्षातून एक रात्र रस्ता त्यांचा असतो." हे मला खोडता आलं नाही. आजही येत नाही.

आपल्याकडे वाद असा मांडला जातो की एकतर सण हवा नाहीतर शांतता हवी. परदेशातले आपले लोक त्यात तेल ओततात, "इकडे बघा कसं शिस्तीत असतं" म्हणून. पण नियम तर दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. जर्मनीतही सर्वसाधारण निवासी भागासाठी दिवसाचा आकडा ५५च. रात्री दहा ते सहा लाउडस्पीकर बंद, हे आपल्या नियमांतही आहे, आणि सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. रुग्णालयाभोवतीचे किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा शेवटचा नियम पाळला तरी अर्ध्या रस्त्यावर आवाज उतरेल.

मला फरक दिसतो तो कुणाच्या हातांना काम आहे यात. लहानपणी गल्लीतला देखावा गल्लीतच व्हायचा. कागदाचा लगदा, बांबू, रात्री बारापर्यंत चालणारं रंगकाम, आणि आईने पाठवलेला चहा. आज मांडव ठेक्याने, देखावा ठेक्याने, डीजे बाहेरगावचा. त्या डीजेवाल्याला आमचे बाबा माहीत नाहीत. पोरांच्या वाट्याला वर्गणी गोळा करणं आणि नाचणं एवढंच उरलं. आणि हे त्या गावात, जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे कारागीर कान लावून तासन् तास जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवत बसतात. सरकारने यंदा जुलैत गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मला त्याचा आनंद आहे. पण दर्जा वरून मिळाला तरी हात खालूनच लागतात.

इथलं सगळं छान आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आमचा पहिला ख्रिसमस मला आठवतो. २४ तारखेला दुपारी दुकानं बंद झाली, संध्याकाळी रस्ते रिकामे, प्रत्येक खिडकीत दिवा आणि प्रत्येक दार बंद. तीन महिन्यांची लेक घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. कुणीही बेल वाजवली नाही, आणि आपण कुणाची वाजवावी अशी रीतही नाही. वरच्या मजल्यावरच्या आजीही एकट्याच होत्या, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. आमच्या गल्लीत गणपतीत आरतीच्या वेळी अनोळखी माणूस दारात आला, तर त्याच्या हातावर प्रसाद पडतोच. हे जर्मनीने मिरजेकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं. आता त्या आजी २४ला आमच्याकडे जेवतात.

बाजारावरही सावट आहेच. २०१६ मध्ये बर्लिनला आणि २०२४ मध्ये माग्देबुर्गला ख्रिसमस बाजारात गाडी घातली गेली, माणसं मेली. म्हणून आमच्या चौकाच्या तोंडाशीही यंदा वाळूने भरलेला ट्रक आडवा उभा होता. लेकीने विचारलं तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं.

रविवारी रात्री खोकी आवरली, साचे घासले, चौक झाडला. घरी येऊन भावाला फोन केला. २०२६चे गणपती १४ सप्टेंबरला बसतायत, आमची तिकिटं काढून झालीत. त्याला म्हटलं, देखावा गल्लीतच करा, आणि कामाच्या यादीत माझं आणि लेकीचं नाव घाल. तो म्हणाला, "यादी कुठे असते ताई, सगळं ठेक्यानेच तर देतो."

"मग आधी यादी कर," म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने विचारलं, "लेकीला रंगकाम जमतं का?"