सक्तीला विरोध डेटोनातही होता

पुण्यात हेल्मेटसक्तीची चर्चा निघाली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. कोथरूडच्या काकांचं पालुपद, 'आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याकडे बघा.' मेव्हण्याचं म्हणणं, 'इतकी वर्षं गाडी चालवतोय, कधी पडलो नाही.' मी शार्लटहून काही लिहिलं की 'तुमच्या अमेरिकेत काय, सगळं शिस्तीतच' हा टोमणा ठरलेला.

शिस्तीचं ऐका. इथून जवळच कॅनापोलिस नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथे डेल अर्नहार्टचा ब्राँझचा पुतळा उभा आहे: हाताची घडी, जीन्स, झुपकेदार मिशा. नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारशर्यतींचा, सात वेळचा विजेता. त्याच्या गाडीवरचा तिरका ३ आकडा इकडच्या पिकअप ट्रकांच्या काचांवर अजून दिसतो. आणि हा माणूस पक्का आमच्या काकांच्या पक्षातला.

२००० साली मे ते ऑक्टोबर या काळात नॅसकारचे तीन चालक गेले. त्यातले १९ वर्षांचा ॲडम पेटी आणि केनी अर्विन तर न्यू हॅम्पशायरच्या एकाच ट्रॅकवर, एकाच वळणावर, आठ आठवड्यांच्या अंतराने. दोघांचीही गत एकच झाली. गाडी भिंतीवर आदळते, पट्ट्यांनी जखडलेलं धड जागेवर राहतं, पण हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ फुटतो. यावरचा उपाय तेव्हा बाजारात होता. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी शर्यती खेळणाऱ्या आपल्या मेव्हण्याबरोबर १९८०च्या दशकातच 'हान्स' बनवलं होतं. खांद्यांवर बसणारी कॉलरसारखी चौकट, तिला हेल्मेट दोन पट्ट्यांनी बांधलेलं. पण चालकांना ते नको होतं. अवघडायला होतं, मान वळत नाही, आग लागली तर पटकन बाहेर पडता येणार नाही. अर्नहार्ट तर हेल्मेटही तोंड उघडं राहणारंच घालायचा.

१८ फेब्रुवारी २००१, फ्लोरिडातली डेटोना ५०० ही नॅसकारची शर्यत, शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण. अर्नहार्टच्याच संघाचा मायकेल वॉल्ट्रिप पहिला, मुलगा दुसरा, हा तिसरा. गाडी भिंतीला लागली. पाहणाऱ्यांना धडक काही फार मोठी वाटली नाही; आत्ता उतरेल, हात हलवेल असंच वाटत होतं. कवटीचा तळ फुटला होता.

मग आपल्याकडे होतं तेच झालं, आरोपी शोधणं. स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा धक्का लागला होता, म्हणून त्याला धमक्या. कमरेचा पट्टा तुटलेला सापडला, म्हणून पट्टे बनवणाऱ्याला धमक्या. शेवटी अर्नहार्टच्या मुलालाच सांगावं लागलं की मार्लिनला दोष देऊ नका. ऑगस्टमध्ये चौकशीचा अहवाल आला, तरी हान्सची सक्ती नाही, नुसती शिफारस. ऑक्टोबरमध्ये इथे शार्लटलाच आर्का या धाकट्या मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा चालक तसाच गेला, तेव्हा कुठे नॅसकारचा नियम झाला. तोवर बहुतेकांनी आपणहून हान्स घालायला सुरुवात केली होती, हेही खरं. आपला देवच गेला म्हटल्यावर माणसं घाबरली. पुण्यात रोज जे मरतात ते कुणी अर्नहार्ट नसतात, त्यामुळे तसली भीती बसत नाही आणि सगळा भार पावतीपुस्तकावर येतो.

पण हेल्मेटवाल्यांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि त्यांमागे फोम असलेली नवी भिंत आली, नेब्रास्का विद्यापीठातल्या अभियंत्यांनी बनवलेली. नंतर ती इतर ट्रॅकवर पसरली. अर्नहार्टनंतर कप मालिकेच्या, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेच्या, शर्यतीत एकही चालक मेलेला नाही, यात कॉलर आणि भिंत दोन्हींचा वाटा आहे. म्हणजे काकांचे खड्डे बरोबरच आहेत. चुकतो तो त्यांचा 'आधी'. भिंती बदलेपर्यंत मान मोकळी ठेवतो, असं म्हणायची सोय इथे कुणाला ठेवली नाही.

४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेव्हाही हेच दिसलं. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते गेले. पुढचे दोघे वाचले. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो आणि कठडा अंगावर येतो, हेही तेव्हा छापून आलं. आमच्या ग्रुपवर मात्र आठवडाभर चर्चा कशाची, तर गाडी बाई चालवत होती याची! मुंबईत नोव्हेंबरपासून मागच्या पट्ट्याची सक्ती आली. कठड्याबद्दल ग्रुपवर पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही, काकांनीसुद्धा नाही.

आणि अमेरिकेच्या शिस्तीबद्दल म्हणाल, तर शार्लट दोन राज्यांच्या सीमेवर आहे. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात मोटारसायकलवर हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं; पलीकडे साउथ कॅरोलायनात फक्त २१ वर्षांखालच्यांना. माझ्या ऑफिसातला एकजण रविवारी सीमा ओलांडली की पहिल्या पेट्रोल पंपावर थांबतो आणि हेल्मेट काढून मागे बांधतो. कारण विचारलं, तर म्हणतो, 'इतकी वर्षं चालवतोय.'