यंत्राला बोट कळेना

वेफर्सचं पाकीट फोडलं की "अर्धी तर हवाच भरलीय" म्हणणारे लोक मला लोकलमध्ये, लग्नात, बारशाला, सगळीकडे भेटतात. मी साकीनाक्याला वेफर्स आणि चिवडा पॅक करणाऱ्या एका गाळ्यात मेंटेनन्स बघतो हे कळलं की त्यांचा आवाज आणखी चढतो. हवा नाही हो, नायट्रोजन, असं मी सांगतो. हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण उरलेल्यातला २०.९ टक्के ऑक्सिजन आत राहिला तर तळणीचं तेल खवट होतं आणि दिवाळीचा चिवडा देवदिवाळीला तोंडात धरवत नाही. म्हणून आम्ही तो हाकलतो. पुरेसा गेला की नाही हे सांगायला भिंतीवर एक ऑक्सिजन ॲनालायझर टांगलाय. गाळ्यात सगळे त्याला नुसतं 'ओटू' म्हणतात.

ओटू हुशार आहे, यात वाद नाही. त्याच्या पोटात झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची बोटभर नळी आहे आणि ती रात्रंदिवस सातशे अंशांच्या आसपास तापलेली असते. नळीच्या एका अंगाला साधी हवा, दुसऱ्या अंगाला आमचा नायट्रोजन. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की नळीत कणभर वीज तयार होते, आणि तेवढ्यावरून हा गडी दहा लाखांत किती भाग ऑक्सिजन आहे ते सांगतो. आम्हाला खरं तर इतक्या बारीक नजरेची गरज नाही. पाकिटात दोन-तीन टक्क्यांच्या आत निघाला की शेठ खूश. पण शेठनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं आणि घेतलं.

एवढी बारीक नजर असलेल्या यंत्राला माझं बोट मात्र दिसत नाही.

आधीच्या मीटरला एक काटा होता आणि झिरो-स्पॅनचे, म्हणजे खालचा आणि वरचा आकडा जुळवायचे, दोन स्क्रू. पेचकस घ्या, फिरवा, चहाला जा. ओटूला टच स्क्रीन आहे. मोबाइलसारखी नाही, तिथे कातडीचा स्पर्श लागतो आणि आमच्याकडे रबरी हातमोजे सक्तीचे. म्हणून हिला दाबाची पाटी दिलीय. वर एक पातळ पडदा, खाली दुसरा, मध्ये बारीकशी फट. दाबलं की दोन्ही पडदे चिकटतात आणि कुठे चिकटले त्यावरून यंत्राला जागा समजते. योजना उत्तम. फक्त ही पाटी बोटानेच दाबायची असते हे तीन पाळ्यांतल्या कोणालाच पटलं नाही. कोणी पेनाच्या टोपणाने दाबलं, कोणी लॉकरच्या किल्लीने, एकाने तर चमच्याने. सोसून सोसून शेवटी पाटीने जागाच सोडली. आता दाबावं एकीकडे आणि उमटावं त्याच्या उजवीकडे.

म्हणजे 'येस' दाबलं की शेजारचं 'नो' उमटतं. ओटू विचारतो, कॅलिब्रेशन, म्हणजे आकड्यांची जुळवणी, सुरू करू? मी म्हणतो येस. तो म्हणतो, बरं, नको तर नको. यात रागवायला जागाच नाही, कारण तो आपलंच ऐकतोय.

याचा उलगडा मला झाला नाही, पॅकिंगच्या मावशींना झाला. ऑक्सिजन वाढला की ओटू कोकलतो आणि जवळ बसलेल्या मावशींनाच तो गप्प करावा लागतो. एकदा मी त्या पाटीशी झटापट करत असताना त्या पाकिटांवरची नजर न हलवता म्हणाल्या, "दादा, एक बोट डावीकडे दाबा." दाबलं. ओटू गप्प.

मग हे शास्त्र साऱ्या गाळ्यात पसरलं. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला आधी टोपी, मग हातमोजे आणि मग 'एक बोट डावीकडे'. पासवर्ड घालणं ही तर कलाच होऊन बसली. पाच हवा असेल तर चार दाबायचा, नऊ हवा असेल तर आठ. एक, चार आणि सात हे डाव्या कडेचे आकडे. ते हवे असतील तर आकड्यांच्या बाहेर, जिथे काहीच नाही अशा कोऱ्या जागी दाबायचं. बाहेरच्या माणसाला वाटावं, मेंटेनन्सवाला यंत्राची दृष्ट काढतोय. त्यात जरा वेळ रेंगाळलं की ओटू आपणहून पहिल्या पानावर परततो आणि सगळं पहिल्यापासून.

पावसाळ्यात याची खरी गंमत. स्पॅन लावताना ओटूला बाहेरची हवा हुंगायला देतात आणि ही २०.९ बरं का, असं बजावतात. पण २०.९ हा कोरड्या हवेचा आकडा. जुलैतल्या मुंबईची हवा कोरडी असती तर काय हवं होतं! तीस अंश आणि नव्वद टक्के दमट, म्हणजे हवेत जवळजवळ चार टक्के नुसती वाफच. मग ऑक्सिजन भरतो विसाच्या जरासा वर. ओटू प्रामाणिकपणे २०.१ दाखवतो आणि आपण त्याला खोटं पाडतो. म्हणून मध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी लावावी लागते. तिचे निळे दाणे साकीनाक्याच्या हवेत बघता बघता गुलाबी होतात. ते बदलून येईपर्यंत ओटू पहिल्या पानावर. पुन्हा कोऱ्या जागी दाबा. एकदा सगळं जमत आलं, तर शेजारी कोणीतरी हातांवर सॅनिटायझर फवारला. त्याची वाफ तापलेल्या नळीवर जळते आणि जळताना ऑक्सिजन खाते. आकडा घसरला. मी ओरडलो. तो पोरगा म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर सांगितलं हात स्वच्छ ठेवा."

दुरुस्तीची सोय यंत्रातच आहे. 'टच अलाइनमेंट' असं एक बटण आहे आणि ते पडद्याच्या अगदी डाव्या काठाला आहे. त्याच्या एक बोट डावीकडे स्टीलची चौकट. दुसरा मार्ग म्हणजे मेन स्विच बंद करून, पाटीवर बोट दाबून धरून पुन्हा चालू करायचं. पण मेन बंद केलं की नळी गार पडते, आणि ती पुन्हा तापेपर्यंत लाइन उभी. श्रावणात उपवासाचे वेफर्स, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. या दिवसांत लाइन उभी ठेवा असं शेठना सांगायची माझी छाती नव्हती.

दिवाळी झाल्यावर कंपनीचा इंजिनिअर आला. इस्त्रीचा शर्ट, बारीक बोटं. त्याने मेन बंद केलं, चालू केलं, पाटीच्या कोपऱ्यांत फुल्या आल्या, त्यांच्यावर टकटक केलं आणि सर्व्हिस रिपोर्टवर माझी सही घेतली. आता जिथे दाबाल तिथेच उमटेल, म्हणाला.

त्याची बॅग बंद व्हायच्या आत ओटू कोकलला. मावशींनी सवयीने हात लांब करून दाबलं. काही नाही. रात्रपाळीच्या पोराने दाबलं. काही नाही. मीही गेलो आणि न बघता कोऱ्या जागी दाबून आलो. ओटू बोंबलतोय, शेठ केबिनमधून डोकावताहेत, आणि इंजिनिअर आमच्या बोटांकडे बघत उभा.

"असं कसं दाबताय तुम्ही?"

"पहिल्यासारखं करून द्या," मावशी म्हणाल्या.

"अहो, आता तर ते बरोबर झालंय."

"तुमचं झालंय." मावशींनी हातमोजा वर ओढला. "परत बंद करून चालू करा. आणि त्या फुल्या आल्या ना, की त्यांच्यावर नका दाबू. एक बोट डावीकडे दाबा."